स्पीकर बंद करून बोलायचं होतं

नवा फोन घ्यायचा नाही, हे मी घरात बरेच दिवस ठामपणे सांगत होते. मुलगा पुण्याला नोकरीला आहे. तो दर दिवाळीला विषय काढायचा आणि मी तो तिथंच मिटवायचे. माझी कारणं साधी होती. कानाच्या यंत्राला आधीच भरपूर पैसा गेला होता, त्यातला निम्मा भावानं घातला होता. हातातला फोन चालू होता, आरोग्य खात्याचं ॲप त्यात उघडत होतं. आणि ऐकवणं हे यंत्राचं काम, फोनचा त्यात काय संबंध, असं माझं मत होतं. ते मत मी आता सोडलं आहे. का सोडलं ते लिहून ठेवते, कारण आमच्या भागात यंत्र लावणाऱ्या बायका कमी नाहीत आणि या विषयावर त्यांच्याशी कुणी धड बोलत नाही.

मी बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात आशा कार्यकर्ती आहे. तरुणपणी मला क्षयरोग उलटला, तेव्हाच्या उपचारात स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं होती. त्या औषधानं जीव वाचतो, पण काही जणांच्या आतल्या कानातल्या नाजूक पेशी जातात, आणि पहिल्यांदा जातात त्या उंच, बारीक आवाज टिपणाऱ्या. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात माझे कान तपासले, तेव्हा आलेखाची रेघ डावीकडे बरी होती आणि उजवीकडे जिना उतरावा तशी खाली गेली होती. म्हणजे माणूस बोलतोय हे मला कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांची ओळख उंच पट्टीतल्या आवाजावर असते आणि माझ्याकडे नेमकी तीच पट्टी नाही.

कामात हे कुठं अडतं? दिवाळीच्या आगेमागे आमचं गाव रिकामं होतं. ऊसतोडीच्या टोळ्या सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात जातात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परतत नाहीत. त्यांत गरोदर बायका असतात, लेकुरवाळ्या असतात. त्यांची नोंद माझ्या वहीत आणि त्या स्वतः शेकडो किलोमीटरवर, फडाच्या कडेला कोपीत. दुवा एकच, फोन. आणि फोनवर “सातवा लागलाय” आणि “आठवा लागलाय” मला सारखंच ऐकू यायचं. ‘स’ गळाला, ‘त’ आणि ‘ठ’मधला फरक पुसला, की उरतं ते एकच. महिन्याचा घोळ झाला तर तिला तिथल्या कोणत्या दवाखान्यात कधी पाठवायचं, याचाही घोळ.

त्यावर माझा उपाय होता स्पीकर. फोन कानाला लावला की यंत्र शिट्टी मारायचं. शिवाय कानामागच्या यंत्राचा माईक कानाच्या वरच्या टोकाशी असतो, तेव्हा फोनही तिथंच, वर धरावा लागतो. तसा धरला की माझा आवाज पलीकडे पोचत नाही. स्पीकर लावून फोन समोर ठेवला की दोन्ही अडचणी मिटायच्या. ओसरीवर बसायचं, दोनदा विचारून घ्यायचं, वहीत लिहायचं. कैक हंगाम असं चाललं.

मग एका हंगामात गावातल्या एका सुनेचा फोन आला. अंगावरून जातंय, पोट दुखतंय, ओझं उचलवत नाही. टोळीतल्या बायका म्हणतात पिशवी काढून टाक, खाडे तरी पडायचे नाहीत. बीड जिल्ह्यात हे वाक्य किती जड आहे ते बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. २०१९ मध्ये सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यानंतर खासगी रुग्णालयांना असं ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट आली. पण परवानगीचा कागद पुढं येतो तो बाई दवाखान्यात पोचल्यावर. त्याच्या आधीचं सगळं बोलणं, भीती, लाज, नवऱ्याला सांगावं की नाही, हे फोनवरच होतं.

ती सांगत होती आणि ओसरीवर तिची चुलतसासू बसलेली होती. म्हातारी खोकली. पलीकडे तो खोकला ओळखला गेला. “ताई, मग करते,” एवढं बोलून तिनं फोन ठेवला. संध्याकाळी मीच फोन केला, तर “आता बरं हाय” म्हणाली. पट्टा पडल्यावर ती गावी आली, तेव्हा मी तिला बीडच्या जिल्हा रुग्णालयात नेलं. जंतुसंसर्ग होता. गोळ्यांनी बरा झाला, पिशवीला हातही लावावा लागला नाही. पण मधले महिने तिनं मोळ्या वाहत तसेच काढले.

माझा विचार तिथं फिरला. तोवर मी हिशेब करत होते तो माझ्या कानांचा होता: मला पुरेसं ऐकू येतंय ना, मग झालं. त्या हिशेबात पलीकडची बाई नव्हतीच. मला ऐकू यावं म्हणून तिचं दुखणं चार माणसांत वाजायचं, आणि आपण कुणाकुणाच्या कानावर पडतोय हे तिला माहीतही नसायचं. डोळ्यांसमोरच्या माणसाला आपण दार लावून आत घेतो. फोनवरच्या बाईलाही तेवढं मिळायलाच हवं. हे मला कुणी पटवून दिलं नाही. त्या खोकल्यानंतरच्या शांततेत ते माझं मला समजलं, आणि फोनची किंमत मी त्या दिवसापासून वेगळी मोजू लागले.

तरी लगेच घेतला नाही. मुलगा म्हणत होता सर्वांत नवा घे. मला आधी माझ्या यंत्राला काय चालतं ते समजून घ्यायचं होतं. यंत्र बसवून देणाऱ्या ऑडिओलॉजिस्टनं बीडमध्ये शांतपणे सगळं सांगितलं, त्याचं मला फार मोल वाटतं. माझ्या यंत्रात ब्लूटूथ आहे. जुना फोनही त्याला जोडला जात होता, पण फक्त यंत्राच्या ॲपपुरता, म्हणजे आवाज कमी-जास्त करण्यापुरता. फोनवरचं बोलणं थेट यंत्रात उतरवणं ही वेगळी गोष्ट आहे. आयफोनमध्ये ती सोय २०१४च्या सुमारास आली. ॲण्ड्रॉइडसाठी गुगलनं आपली पद्धत २०१८ मध्ये जाहीर केली आणि ती ॲण्ड्रॉइड १० पासून फोनमध्ये येऊ लागली. त्यानंतरची नवी पद्धत एलई ऑडिओ, तिचे नियम २०२२ मध्ये पूर्ण झाले आणि ॲण्ड्रॉइड १३ मध्ये तिला जागा मिळाली. पण फोन बनवणारी कंपनी ही सोय देईलच असं नाही. दोन फोन, दोन्हींवर एकच ॲण्ड्रॉइड, आणि यंत्र एकालाच जोडलं जातं, असं होतं.

बीडच्या सुभाष रोडवरच्या फोनच्या दुकानात पोरगा म्हणाला, “मावशी, ब्लूटूथ पाच पॉइंट तीन आहे, काहीही जोडा.” त्याच्या मनात खोट नव्हती, त्याला तेवढंच शिकवलेलं होतं. पण ब्लूटूथचा आकडा मोठा असला म्हणून एलई ऑडिओ असतोच असं नाही. ती सोय ऐच्छिक आहे. मी म्हटलं, बाबा, पैसे देण्याआधी जोडून बघू दे आणि एक फोन लावू दे. पहिल्या फोनमध्ये यंत्र जोडलं गेलं, आवाज मात्र आला नाही. दुसऱ्यात यंत्र यादीत दिसलंच नाही. तिसरा मागच्या वर्षीचा, मध्यम किमतीचा होता. त्यावरून मी मुलाला फोन लावला, आणि बाजारातला गोंगाट चालू असताना त्याचा आवाज दोन्ही कानांत आला. दुकानातल्या कुणालाही त्यातला शब्द ऐकू गेला नाही. तोच घेतला, हप्त्यांवर.

आता त्याच्या मर्यादाही सांगते, कारण फोन विकणारे त्या सांगत नाहीत. माझ्या यंत्राला गुगलची ती आधीची पद्धत चालते. तीत आवाज एकाच दिशेनं जातो: पलीकडचं बोलणं यंत्रात येतं, पण माझं बोलणं टिपतो तो फोनचाच माईक, म्हणून फोन तोंडाजवळ धरावा लागतो. बॅटरीही लवकर जाते. १३ नंबरचा नारिंगी चिकटपट्टीचा सेल आधी जितके दिवस पुरायचा, तितके आता पुरत नाही, आणि हा खर्च धरायलाच हवा. नेटवर्कचं दुखणं तर फोन बदलून जात नाहीच. जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्‌झपर्यंतचेच आवाज जातात, ‘स’ची मुख्य ताकद त्याच्या वर असते. फोरजीवरच्या व्होल्टी कॉलमध्ये ती हद्द ७,००० हर्ट्‌झच्या आसपास जाते. माझ्यासारखीला हा फरक कंपनीच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोठा आहे. पण तो मिळतो दोन्ही टोकांना फोरजी असेल तेव्हाच. फडात टॉवरचा जोर गेला, की ‘स’ पुन्हा वाटेतच राहतो. म्हणून मी “कितवा?” असं विचारतच नाही. पाळी कोणत्या सणाच्या आगेमागे चुकली ते विचारते. पोळा, गौरी, दसरा हे शब्द अर्धे आले तरी एकमेकांत मिसळत नाहीत, आणि महिना मग मी वहीत मोजते.

बोललेलं अक्षरांत दाखवणारं गुगलचं ॲपही पाहिलं. २०१९ मध्ये ते आलं, घडवणाऱ्यांत दिमित्री कानेव्हस्की हे लहानपणीच ऐकू येईनासे झालेले शास्त्रज्ञ होते, आणि त्यात मराठी आहे. तालुक्याच्या बैठकीत साहेब बोलतात तेव्हा मला त्याचा खरा उपयोग होतो. फडावरून येणाऱ्या बोलीपुढे ते अडखळतं.

एक गोष्ट मनाला लागून आहे. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, आणि ते योग्यच आहे. फोनवर १८ टक्के आहे. एप्रिल २०२० पूर्वी १२ होता. पासष्टी ओलांडलेल्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ३,००० रुपये मिळतात, त्या यादीत श्रवणयंत्र आहे, पण ते यंत्र ज्या फोनला जोडायचं तो नाही. जिचं यंत्र फोनशिवाय अर्धंच काम करतं, तिच्यासाठी फोन हा यंत्राचाच भाग आहे. निदान आरोग्य खात्यानं आम्हाला फोन देताना किंवा ॲप लादताना एवढं तरी विचारावं, की तुमच्यापैकी कुणाच्या कानात यंत्र आहे का. ही मागणी मी बैठकीत केली आहे आणि पुढच्या बैठकीतही करणार आहे.

माझा फोन बघून शेजारच्या गावातली अंगणवाडी मदतनीस आली. तिलाही तसाच हवा होता, कर्ज काढायची तयारी होती. तिचं यंत्र मी हातात घेऊन पाहिलं. शिबिरात मिळालेलं, साधं डिजिटल, ब्लूटूथ नसलेलं. तिनं कितीही महागाचा फोन घेतला असता तरी त्या यंत्रात काही उतरलं नसतं. कानातला साचा मात्र सैल झाला होता, त्यामुळे शिट्टी वाजायची आणि ती आवाज कमी करून ठेवायची. तिला म्हटलं, फोन राहू दे, आधी साचा नवा करून घे. ऑडिओलॉजिस्टची वेळ घेऊन दिली आहे, येत्या आठवडी बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी बीडला जाणार आहोत.