दोन सिटांची गाडी

घरात माणसं आठ आणि गाडीत जागा दोन, हे गणित ज्याला सुटत नाही त्याने स्पोर्ट्‌स कार घेऊ नये. मला शाळेपासूनच गणित सुटत नसे, म्हणून १९९९ साली मी सॅन स्टॉर्म घेतली. गोव्यात तयार होणारी, फायबरच्या बॉडीची, ११४९ सीसीचं रेनॉ इंजिन असलेली. छप्पर उघडलं की गोव्यात समुद्राचा वारा लागतो म्हणे. यवतमाळात मे महिन्यात उघडलं तर टाळूवर पापड भाजून निघतो.

गाडी दारात आली तेव्हा वडील ओट्यावर होते. त्यांनी पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"मागची मानसं कुठी बसतीन?"

"मागे कोणी नाही, बाबा. दोनच."

"अन् सरकीचं पोतं?"

"तेही नाही."

"मंग इले गाडी कायले म्हनतं?" एवढं बोलून ते आत गेले, ते चोवीस वर्षं तिच्यात बसले नाहीत.

बाकी दुसऱ्या सिटेवर बरेच जण येऊन गेले. आई एकदाच बसली. जमिनीवर बसून फरपटत नेल्यासारखं वाटतं म्हणाली. मग बायको आली. दोन वर्षं त्या सिटेवर तिचंच राज्य होतं. पुढे मुलं झाली आणि नवीच व्यवस्था लागली : बायको-मुलं एस.टी.ने दारव्ह्याला माहेरी जात आणि मागून मी त्यांच्या बॅगा शेजारी बसवून ऐटीत जात असे. सासुरवाडीचे लोक आधी बॅगांचं स्वागत करत.

२००६ साली दत्त चौकात एका म्हशीने गाडीला अंग घासलं आणि बॉनेटच्या कडेला तडा गेला. डेंटिंगवाल्याने बोटाने टकटक केलं आणि हातोडी पिशवीत ठेवली. "भाऊ, हा पत्रा नोहे. हे कूलर हाय!" अखेर कूलरच्या फायबर बॉड्या सांधणारा शोधला. मार्चचे दिवस, माझी गाडी वीस कूलरांच्या मागे नंबर लावून उभी. सांधा मात्र असा बसवला की आजही दिसत नाही. "खस बी लावून देऊ का?" एवढं त्याने तेवढ्यात विचारून घेतलं.

शंकरपटांवर २०१४ साली आलेली बंदी २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कायमची टळली. २०२४च्या जानेवारीत कळंबकडच्या एका गावात पट भरला. वडिलांनी जायचंच म्हटलं. जीप नेमकी बाहेरगावी. ते काठी टेकत माझ्या गाडीपाशी आले आणि न बोलता आत उतरले. हो, त्या गाडीत चढत नाहीत, उतरतात.

नागपूर रोडला लागल्यावर म्हणाले, "तू व्हायच्या आधी माह्यापाशी पटाची जोडी होती. वखराले कधी जुपली नाही. घरच्या म्हशीले सरकी नाही, पन तिले रोज. तुहा आजा मले दोन वर्ष बोलला नाही."

हे मला पन्नाशी उलटल्यावर कळत होतं. पुढे ट्रक होता.

"हान!" वडील म्हणाले.

पटावर पोचलो तर त्यांना सिटेतून उठता येईना. "राहू दे. छप्पर उघड." दाणीच्या कडेला गाडी लावून आम्ही पट पाहिला. पोरं बैल सोडून गाडीभोवती जमली. एकाने विचारलं, "आजोबा, हिच्यात दोघंच बसतात?"

"दोघंच," वडील म्हणाले. "पटाची हाय ते."