विसाच्या नोटेमागचे बेट

आमच्या उमरखेडला समुद्र नाही. पैनगंगा आहे, पावसाळ्यात ती गढूळ पाण्याने दुथडी भरते आणि उन्हाळ्यात वाळू दाखवते. तरीही इथल्या बाजारात एक समुद्र वर्षानुवर्षे हातोहात फिरत आला आहे. जुनी तांबूस विसाची नोट उलटी करून पाहा. माडाची झाडे आणि त्यांच्यामागे शांत पसरलेले पाणी. मिरची-कोथिंबिरीच्या हिशेबात तिकडे कुणाचे लक्ष जात नाही. २०१९ साली निघालेल्या नव्या नोटेवर वेरूळ आले. पण जुनी नोट अजून चालते. तिच्यावरचा देखावा अंदमानातला आहे.

माझी आजी अंदमान म्हणत नसे; ती ‘काळं पाणी’ म्हणे. तो शब्द उच्चारताना तिचा आवाज खाली येई. पुढे मी उमरखेडच्या कॉलेजात मराठी शिकवायला आलो, तेव्हा पुण्याचे आप्त म्हणाले, “म्हणजे काळ्या पाण्यावरच की!” आता तेच आप्त पाच रात्री-सहा दिवसांचे पैसे भरून खऱ्या काळ्या पाण्यावर जाऊन येतात आणि कौतुकाने सांगतात, “पाणी काय निळंशार आहे हो!”

पाणी तेच. ते काळे की निळे, हे पाहणारा कुठे उभा आहे यावर ठरते.

मार्च १८५८ मध्ये डॉ. जेम्स वॉकर हा अधिकारी २०० कैदी घेऊन तेथे उतरला. सत्तावनच्या बंडानंतर शिक्षा झालेली ही माणसे. रॉस बेटावरचे जंगल त्यांच्याकडून तोडवून घेतले गेले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर साहेबांचे बंगले, चर्च, नाचघर, टेनिसची मैदाने उभी राहिली. समोरच्या डोंगराला टायटलर नावाच्या अधिकाऱ्याच्या पत्नीचे, हॅरिएटचे, नाव मिळाले. उन्हाळ्यात मुख्य अधिकारी तेथे राहायला जाई.

८ फेब्रुवारी १८७२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खास त्या डोंगरावर चढला. हवापालटासाठी जागा कशी आहे ते त्याला पाहायचे होते. त्याने वरून सूर्यास्त पाहिला, तो त्याला फार आवडला आणि अंधारात तो खाली होपटाउनच्या धक्क्यावर आला. तेथे शेर अली नावाच्या कैद्याने त्याला सुऱ्याने भोसकले. आपल्या सहलीच्या पत्रकांतून छापला जाणारा अंदमानचा सूर्यास्त इतका जुना आहे. तो पाहायला साहेब वर होता आणि कैदी खाली.

१९०६ मध्ये सेल्युलर जेल पुरा झाला. १९११ ते १९२१ सावरकर तेथे होते. कोठडीला उंचावर एक लहान झरोका, आणि दिवसभर कोलूला जुंपलेली माणसे. आज त्याच आवारात संध्याकाळी खुर्च्या मांडून प्रकाश-ध्वनीचा कार्यक्रम होतो.

नावांची गंमत तर विलक्षण. ज्या हॅवलॉक आणि नील या सेनानींनी सत्तावनचा उठाव चिरडला, त्यांचीच नावे तेथील दोन सुंदर बेटांना होती. आपली नवपरिणित जोडपी कित्येक वर्षे ‘हॅवलॉकला’ मधुचंद्राला जात होती! २०१८ मध्ये त्यांची स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली. २०२१ मध्ये माउंट हॅरिएटचे माउंट मणिपूर झाले, २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम. पाटी बदलता येते, नजर बदलणे अवघड. २०१२ साली पर्यटकांसमोर जारवा स्त्रियांना नाचायला लावल्याचे चित्रण जगापुढे आले. नाचवणारे कुणी इंग्रज नव्हते.

यंदा आमच्या घरीही अंदमानचा बेत आहे. मुलांना किनारा हवा, वडिलांना जेल. धाकटी विचारते, “बाबा, जेल पाहून आल्यावर मग पाण्यात खेळावंसं वाटेल का हो?”

मला वाटते, वाटावे. ज्यांनी ते जंगल तोडले त्यांच्या वाट्याला तो किनारा मोकळेपणी आला नाही. आपल्या मुलांनी तेथे मनसोक्त डुंबावे. मात्र त्या कैद्यांचे वंशज आजही त्या बेटांवर घरे करून राहतात. आपला टॅक्सीवाला, शहाळी विकणारी बाई त्यांतलीच असू शकेल. डोंगरावर जाऊन फोटो जरूर काढावा; पण खाली उतरल्यावर घटकाभर थांबून त्यांनाही विचारावे, “तुमचे आजोबा-पणजोबा इथे कसे आले हो?” एवढे विचारले तरी आपण साहेबाच्या जागेवरून चार पावले खाली आलो, असे म्हणता येईल.