चंबळेकाठचे आफ्रिकी पाहुणे

'सफारी' हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे आफ्रिकेचे रान उभे राहते. हा शब्द स्वाहिली भाषेतला असून त्याचा अर्थ प्रवास एवढाच आहे. तो ज्या अरबी शब्दापासून निघाला, त्याच शब्दापासून आपल्या मराठीतील 'सफर' आली. टांझानियात मन्यारा नावाचे सरोवर आहे; त्याच्या काठच्या दाट झाडीत हत्ती नांदतात, सिंह झाडांवर चढून बसतात. 1960 साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. इतक्या दूरची सफर आम्हा खेड्यातील मंडळींस कोठून परवडावी? परंतु गेल्या हिवाळ्यात इंदुरास गेलो असता आफ्रिकेचेच काही पाहुणे तिकडे उतरल्याचे कळले. त्यांच्या घराला आम्ही दिलेल्या भेटीची ही हकीकत.

आमची पुतणी इंदूरच्या विद्यापीठात शिकते व भंवरकुआं भागात खोली घेऊन राहते. कुआं म्हणजे विहीर. पण त्या चौकात आज जिकडे तिकडे शिकवणी-वर्गांच्या पाट्या आणि पाठीला दप्तर लावलेली मुले दिसतात. सकाळी पोहे-जिलबी खाताना ती म्हणाली, "काका, चित्ता राहतो ते रान पाहायचे असेल तर गांधीसागरला चला." आमच्या धाकट्या चिरंजीवांनी तर हट्टच धरला. मग काय, भल्या पहाटे भाड्याची गाडी करून आम्ही निघालो.

उज्जैन व गरोठ मागे टाकून आम्ही भानपुऱ्यास पोहोचलो. मराठी माणसाने येथे क्षणभर थांबावेच. इंग्रजांशी झुंज देणारे यशवंतराव होळकर 1811 साली याच गावी वारले. आपल्या अखेरच्या काळात त्यांनी येथे तोफा ओतण्याचा कारखाना काढला होता. त्यांच्या छत्रीचे दर्शन घेऊन आम्ही धरणाकडे वळलो.

गांधीसागर हे चंबळेवरील धरणमालिकेतील पहिले धरण. 1954 साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली व 1960 साली ते पुरे झाले. त्याच्या पाठीमागे पसरलेले पाणी पाहून समुद्राजवळ वाढलेले आम्हीसुद्धा चकित झालो. पैलतीर दिसेना. काठावर एक वृद्ध शेतकरी शेळ्या चारीत होते. त्यांनी पाण्याकडे बोट दाखवून सांगितले की आपल्या वडिलांचे घर, विहीर आणि शेत तेथे खाली आहे. ते हे सांगत असता त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. आमच्या मनात मात्र ते शब्द घर करून राहिले.

या जलाशयाच्या दोन्ही काठांवरील सुमारे 368 चौरस किलोमीटर रान 1974 साली अभयारण्य झाले. खैर, सालई, धावडा, तेंदू व पळस ही येथील झाडे. खडकाळ पठारावर मातीचा थर पातळ असल्याने मध्ये मध्ये मोकळी गवताळ माळराने आहेत. कड्यांच्या कपारींत गिधाडांची घरटी आहेत, तर पाण्यात मगरी आहेत. नीलगाईंचा एक कळप आमच्या गाडीसमोरून शांतपणे रस्ता ओलांडून गेला.

आपल्याकडे बिबळ्यालाच पुष्कळ लोक चित्ता म्हणतात. वाटाड्याने ही आमची चूक सुधारली. बिबळ्याच्या अंगावर पोकळ फुलांसारखे ठसे असतात, चित्त्याच्या अंगावर भरीव गोल ठिपके. चित्त्याच्या डोळ्यांपासून तोंडापर्यंत अश्रूंसारख्या काळ्या रेघा उतरतात. तो सडपातळ व लांब पायांचा असून डरकाळी फोडीत नाही. दाट झाडीपेक्षा मोकळे माळ त्याला मानवतात, कारण त्याचे सारे बळ धावण्यात आहे.

एके काळी हा प्राणी आपल्याच देशात होता. कोल्हापूरसारख्या संस्थानांत चित्ते पाळून त्यांच्याकरवी काळविटांची शिकार करीत. बंदिवासात चित्ता सहसा वीत नाही. म्हणून दर वेळी रानातूनच नवा पकडावा लागे. रान रिकामे होत गेले, तेव्हा संस्थानिकांनी आफ्रिकेतून चित्ते आणविले. पुढे 1947 साली कोरिया संस्थानच्या राजाने एका रात्रीत तीन चित्ते मारले. त्यानंतर खात्रीची नोंद नाही. 1952 साली चित्ता देशातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले.

सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी 2023 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मध्यप्रदेशातील कुनोच्या रानात आणले गेले. त्यांपैकी दोन नरांना 20 एप्रिल 2025 रोजी गांधीसागरास सोडण्यात आले. पुढे सप्टेंबरात एक मादीही आली. त्यांच्यासाठी 64 चौरस किलोमीटर रानाला कुंपण घातले, आतील बिबळे पकडून बाहेर नेले आणि भक्ष्य म्हणून चितळ आणून सोडले. एका रात्रीत घालविलेले परत आणावयास पंचाहत्तर वर्षे आणि एवढा खटाटोप!

आम्हांला चित्ता दिसला का? नाही. दुरून कुंपण दिसले, त्यापलीकडे वाऱ्यावर डोलणारे पिवळे गवत दिसले, एवढेच. चिरंजीव हिरमुसले. परतताना ते वृद्ध गृहस्थ पुन्हा भेटले. चित्ते आले याचा त्यांना आनंद होता, मात्र, "कुंपणाने माळ गेला, आता गुरे कोठे चारावी?" असा त्यांचा प्रश्न होता. ज्यांच्या वडिलांनी देशाच्या विजेसाठी व पाण्यासाठी घर दिले, त्यांच्याकडेच आता चित्त्यासाठी चराऊ रान मागितले जात आहे. आम्हांस उत्तर सुचले नाही.

रात्री भंवरकुआंच्या गजबजाटात परतलो, तेव्हा चिरंजीवांनी विचारले, "मग आपण पाहिले तरी काय?" पुतणी म्हणाली, "जे गमावले ते परत आणायला किती पडते, ते पाहिले." आम्ही त्यात मनातल्या मनात एवढीच भर घातली : आणि ते कोणाच्या पदरचे पडते, तेही पाहिले. वाचकहो, आपल्या गावचे तळे, बावखल वा राई अजून शाबूत असेल, तर ती आजच जपावी. परत आणण्यापेक्षा राखणे कितीतरी सोपे. आणि त्यासाठी कोणा गरिबाचा माळ मागावा लागत नाही.