कच्चे म्हणण्याआधी

वय वाढले की शहाणपणही वाढते, असे मीही मानत होते. गेल्या वर्षी सुनेसोबत रुग्णालयात राहिले, तेव्हा माझा हा भ्रम फिटला.

मराठवाडा आणि विदर्भाच्या सीमेवरचे कनेरगाव नाका हे आमचे गाव. लग्नाला सात वर्षे होऊनही मुलाच्या घरी पाळणा हलला नव्हता. अखेर दोघांनी शहरात टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार सुरू केले. डॉक्टर म्हणाले, “अकरा स्त्रीबीजे मिळाली, त्यांतील चार अपक्व आहेत.” माझ्या तोंडून निघून गेले, “अगं, कच्ची कशी राहिली? खाण्यापिण्यात हयगय केलीस का?” तिने काही न बोलता भिंतीकडे तोंड फिरवले.

संध्याकाळी एका परिचारिकेने मला शेजारी बसवून सारे समजावले. मुलगी आईच्या गर्भात असतानाच तिची बीजे तयार होतात. जन्माच्या वेळी ती सुमारे १० ते २० लाख असतात. वयात येईपर्यंत ३ ते ४ लाख उरतात. आयुष्यभरात पक्व होऊन बाहेर पडतात ती जेमतेम ४००. उरलेली अपक्व अवस्थेतच वर्षानुवर्षे थांबलेली असतात. उपचारात इंजेक्शनांनी अनेक बीजे एकाच वेळी वाढवतात. पण सगळी एका चालीने वाढत नाहीत. काही मागे राहतात. यात सुनेचा दोष तो कोणता?

अशा बीजांचा उपयोगही होऊ शकतो. उतरवलेली कैरी आढीत पिकते, तशी काही अपक्व बीजे प्रयोगशाळेत एक-दोन दिवसांत पक्व होतात. रॉबर्ट एडवर्ड्स यांनी १९६५ मध्येच हे दाखवले होते. त्यांच्याच प्रयत्नांतून १९७८ मध्ये जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. आपल्या मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी हर्षाचा जन्म झाला. ज्यांना पीसीओएसमुळे इंजेक्शनांचा धोका अधिक असतो, किंवा कर्करोगाच्या उपचारांपूर्वी ज्यांच्या हाती वेळ नसतो, अशा स्त्रियांसाठी अपक्व बीजे बाहेर पक्व करण्याची पद्धत विशेष उपयोगी पडते. मात्र कोवळी कैरी आढीतही सुकते. या पद्धतीत यश सहसा कमी मिळते आणि ती सर्वत्र उपलब्ध नाही.

घरातील वडीलधाऱ्यांनो, आपण बीजांचा हिशेब विचारू नये. बीजे काढण्याच्या सुमारे ३६ तास आधीचे इंजेक्शन ठरल्या वेळीच द्यावे लागते. ती वेळ आपण सांभाळावी. नंतर पोट फुगले, धाप लागली, लघवी कमी झाली, तर ‘होईल बरे’ म्हणत न थांबता लगेच डॉक्टरांना कळवावे.

त्या रात्री मी सुनेची क्षमा मागितली. सासूने क्षमा मागण्याची रीत आमच्याकडे नाही, शब्द जुळेनात. ती एवढेच म्हणाली, “झोपा आता, आई.”

आमचा पहिला प्रयत्न फळला नाही. पुढच्या महिन्यात दुसरा आहे. या वेळी सोबत कोणी यावे, असे मुलाने विचारले, तेव्हा सूनबाईंनी माझेच नाव घेतले.