एकट्याचा थवा

मराठवाड्यातील घरांना पिंजरा नवा नाही. ज्या पिंजऱ्यात पूर्वी पेरूच्या फोडी आणि हिरव्या मिरच्या खाणारा देशी पोपट असे, त्याच पिंजऱ्यात गेल्या काही दशकांत राखाडी अंगाचा, पिवळसर तुऱ्याचा आणि गालावर नारिंगी ठिपका असलेला कॉकाटील येऊन बसला आहे, आणि या बदलामागे लोकांच्या आवडीइतकाच कायद्याचाही वाटा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये देशी पोपट पकडणे, विकणे आणि पाळणे हा गुन्हा आहे. कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियाचा. त्या देशाने आपल्या वन्य पक्ष्यांची व्यापारी निर्यात १९६० मध्येच थांबवली असल्यामुळे आज आपल्याकडे विकला जाणारा कॉकाटील हा पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यातच वाढलेल्या वंशाचा असतो. दुकानात तो ‘कॉकटेल’ या नावाने मिळतो आणि त्याच्याविषयी पहिली हमी दिली जाते ती ‘शांत पक्षी’ अशी. ही हमी खोटी नाही, पण अपुरी आहे. कारण विकणारा ज्याला शांतपणा म्हणतो आणि घेणारा ज्याला लळा म्हणतो, तो वास्तविक थव्याने राहणाऱ्या पक्ष्याचा स्वभाव आहे, आणि थव्यावाचून ठेवलेल्या पक्ष्यात तो कोणकोणती रूपे घेतो हे समजून घेतल्याखेरीज त्या पक्ष्याला नीट वागवता येत नाही.

कॉकाटील हा काकाकुवांच्या कुळातील सर्वांत लहान पक्षी. शेपटीसह लांबी ३० ते ३३ सेंटीमीटर, त्यातही निम्मी शेपटीच, आणि वजन जेमतेम ८० ते १०० ग्रॅम. निम्फिकस हॉलंडिकस हे शास्त्रीय नाव धारण करणारा हा पक्षी लहान पोपटांत गणावा की काकाकुवांत, हा वाद दीर्घकाळ चालला आणि अखेर जनुकीय अभ्यासांनी तो काकाकुवांच्या बाजूने मिटवला. बाह्य लक्षणेही तीच साक्ष देतात: हवा तेव्हा उभारता आणि मिटता येणारा तुरा, हिरव्या-निळ्या रंगाचा पूर्ण अभाव, आणि विशिष्ट पिसांची टोके सतत झिजून पडणारी बारीक पांढरी भुकटी, जी पक्षी चोचीने अंगभर पसरतो आणि जी घरातल्या कपाटांवर धुळीसारखी साचते. याच कुळातला दुसरा लहान पक्षी म्हणजे इंडोनेशियाच्या तनिंबार बेटांवरचा पांढरा गॉफिन. फिगारो नावाच्या एका गॉफिनने लाकडाची लांब चिपाट चोचीने तोडून काढली आणि तिने जाळीबाहेरचा दाणा ओढून घेतला, हे व्हिएन्ना येथील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा या कुळाच्या बुद्धीची जगभर चर्चा झाली. पण एवढी बुद्धी चार भिंतींत रिकामी ठेवणे पक्ष्याला मानवत नाही, आणि गॉफिन हा संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साईटीस’ कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्याने भारतात २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंदणीही करावी लागते. कॉकाटील या कराराच्या परिशिष्टांबाहेर आहे. म्हणूनच तो सर्वसामान्य घरांपर्यंत पोचला.

त्याच्या स्वभावाचे मूळ ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात आहे. तेथे पाऊस बेभरवशाचा, गवताचे बी आज एका भागात पिकते तर पुढच्या वर्षी शेकडो किलोमीटर दूर, आणि म्हणून कॉकाटीलचे थवे एका जागी न राहता पाण्याच्या आणि दाण्याच्या मागे फिरत असतात. कोरडवाहू शेतीच्या मुलुखात राहणाऱ्याला, विशेषतः २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळताना ज्याने पाहिल्या त्याला, असे जगणे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आणखीही एक साम्य आहे, आणि ते पाळणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. अंबड-घनसावंगीकडे ज्वारी हुरड्यात आली की पोपट आणि चिमण्या उडवण्यासाठी माळ्यावर गोफण घेऊन राखण करण्याची जुनी रीत आहे. ऑस्ट्रेलियातील ज्वारी आणि सूर्यफूल पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या लेखी नेमकी हीच जागा कॉकाटीलची आहे. जो पक्षी तिकडे शेताचा उपद्रव, तो इकडे घराचा लाडका झाला आहे, परंतु त्याची वागण्याची घडण बदललेली नाही. उघड्या माळावर जमिनीवर उतरून दाणे टिपणाऱ्या, हल्ला परतवण्याचे कोणतेही साधन नसलेल्या लहान पक्ष्याचे संरक्षण फक्त दोन गोष्टींत असते: पुष्कळ डोळ्यांनी एकाच वेळी पाहणे, आणि एकाला धोका दिसताच सर्वांनी एकदम उठणे.

या सावधपणाचे सर्वांत सहज वाचता येणारे चिन्ह म्हणजे तुरा. पक्षी निवांत असतो तेव्हा तुरा मागे कललेला असतो आणि त्याची टोके किंचित वर वळलेली असतात. दार वाजले, कुकरची शिट्टी झाली किंवा खिडकीबाहेरून घार गेली, की तुरा क्षणात ताठ उभा राहतो, मान लांब होते आणि अंगावरची पिसे घट्ट बसून पक्षी एकदम सडपातळ दिसू लागतो. ही भीती असेलच असे नाही. ती लक्ष देण्याची मुद्रा आहे. पण तुरा डोक्याला चपटा चिकटला, चोच उघडली आणि फुसकारण्याचा आवाज आला, तर हात मागे घ्यावा. तरीही तो पुढे नेला आणि पक्षी चावला, तर त्याला ‘अचानक चावला’ म्हणणे अन्यायाचे आहे, कारण त्याने आपल्या भाषेत पूर्वसूचना दिलेली असते. संध्याकाळी एका पायावर उभा राहून, गालावरची पिसे फुगवून तो चोचीचे दोन भाग एकमेकांवर घासतो आणि बारीक करकर ऐकू येते. ती झोपेआधीच्या समाधानाची खूण मानली जाते.

मान खाली घालून डोके पुढे करणे ही आणखी एक मुद्रा, आणि घरच्यांना तिचे फार कौतुक असते. पक्ष्याचे नवे पीस बारीक आवरणात गुंडाळलेले उगवते आणि पूर्ण वाढ झाल्यावर ते आवरण चोचीने कुरतडून काढावे लागते. छातीवर, पाठीवर, पंखांवर कॉकाटीलची स्वतःची चोच पोचते, पण डोक्यावर पोचत नाही. तेथली, गव्हाच्या कुसळासारखी टोचणारी आवरणे जोडीदाराने काढायची असतात. एकट्या पक्ष्याच्या डोक्यावर पिसे झडण्याच्या काळात ती तशीच राहतात आणि मग तो माणसाच्या बोटापुढे डोके वाकवतो. माणसाने बोटाने हलकेच, पिसांच्या उलट दिशेने, वाढ पूर्ण झालेली तेवढीच आवरणे मोकळी केली तर पक्षी डोळे अर्धे मिटतो. कच्चे पीस दाबले तर तो किंचाळतो. हा विश्वास खरा आहे यात शंका नाही, परंतु तो आपल्याला मिळाला आहे तो दुसऱ्या कॉकाटीलच्या रिकाम्या जागेवर.

आवाजाविषयी सर्वाधिक तक्रारी होतात, आणि सर्वाधिक गैरसमजही तेथेच आहेत. थव्यातला पक्षी नजरेआड झालेल्या सोबत्याला ठरावीक हाक देतो आणि उत्तर आले की शांत होतो. या हाकेला संपर्कहाक म्हणता येईल. घरात थवा म्हणजे कुटुंब. म्हणून माणूस दुसऱ्या खोलीत गेला की हाक सुरू होते, उत्तर न मिळाल्यास ती चढत जाते, आणि शेवटी कोणी वैतागून ओरडत आले तर पक्ष्याच्या दृष्टीने उत्तर मिळालेले असते, त्यामुळे पुढच्या वेळी तो त्याच चढ्या पट्टीत सुरुवात करतो. पिंजऱ्यावर कापड टाकण्यापेक्षा पहिल्याच साध्या हाकेला स्वयंपाकघरातून एक शीळ परत देणे अधिक उपयोगी ठरते. शीळ घालणे हे प्रामुख्याने नराचे काम. मादी बहुधा अबोल असते. नर शब्द अस्पष्ट बोलतो, पण सूर चांगले उचलतो. जपानमधील आइची विद्यापीठातून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात माणसांनी वाढवलेले कॉकाटील वाजवल्या जाणाऱ्या धुनेबरोबर, आपला सूर आणि वेळ तिच्याशी जुळवून, एकाच वेळी गाताना आढळले. नुसती नक्कल नंतर करता येते. बरोबरीने गाण्यासाठी दुसऱ्याचा आवाज ऐकत आपला आवाज सावरावा लागतो, आणि ही क्षमता ज्या पक्ष्यापाशी आहे त्याला दिवसभर बंद घरात निरुत्तर ठेवणे ही क्रूरता आहे, मग त्याच्या वाटीत दाणे कितीही असोत.

रात्रीची घबराट हे कॉकाटीलचे खास दुखणे. गाढ अंधारात किंचित हालचाल, मांजराची सावली, पालीची चुकचुक किंवा दूरचा फटाका पुरेसा होतो. पक्षी अंधारातच सरळ वर उडतो, गजांवर आदळतो, आदळल्याने अधिक घाबरतो, आणि थांबतो तेव्हा पंखाचे रक्ताने भरलेले कोवळे पीस तुटलेले असते. माळरानावर झाडावरून एकदम उठून उडणे हाच वाचण्याचा मार्ग असल्याने ही प्रतिक्रिया इतकी खोल रुजलेली आहे. उपाय साधा आहे: खोलीत रात्रभर मंद दिवा. परंतु जालन्याच्या ग्रामीण भागात मध्यरात्री वीज गेली की तो दिवाही जातो, आणि म्हणून तेथे बॅटरीवर चालणारा दिवा ही चैन राहत नाही. घाबरलेला पोपटवर्गीय पक्षी उडू शकला नाही तर पायात असेल ते घट्ट धरून ठेवतो. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात नळीवर बसलेल्या, तिच्या फिरण्याने उलटा झालेल्या आणि कोणी बांधले नसतानाही नळी न सोडणाऱ्या पोपटाचा जो दृष्टांत येतो, तो जीवाच्या भ्रमाविषयीचा आहे. पण त्यामागचे पक्षिनिरीक्षण किती अचूक आहे हे रात्री पिंजऱ्याच्या जाळीला उलटा चिकटून थरथरणारा कॉकाटील पाहिलेल्यालाच कळेल. अशा वेळी त्याला हाताने ओढून काढू नये. दिवा लावावा, हळू आवाजात बोलत राहावे आणि तो स्वतः उतरेपर्यंत थांबावे.

माणसाळलेपणाची किंमतही सांगितली पाहिजे. दुकानदार ‘हँडफेड’ पिल्लाची शिफारस करतात, म्हणजे आईबापांपासून लवकर काढून माणसाने पातळ खाद्य भरवून वाढवलेले पिल्लू, आणि ते हातावर निर्भयपणे बसते हे खरेच आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी १९८८ मध्ये अशा पक्ष्यांची आईबापांनी वाढवलेल्या पक्ष्यांशी तुलना केली, तेव्हा हाताने वाढवलेले नर घरट्याच्या पेटीकडे कमी वळतात आणि तशा माद्या अंडी अधिक घालत असल्या तरी पुष्कळदा ती पेटीऐवजी जमिनीवर घालतात असे दिसून आले. कॉकाटीलमध्ये नर दिवसा आणि मादी रात्री अंडी उबवते. ही वाटणी करण्यासाठी आपण कोण आहोत हे ज्या वयात शिकायचे, त्या वयात पिल्लासमोर माणूस होता. एकटी मादीही नराविना अंडी घालते, आणि ती पुन्हापुन्हा घालू लागली तर अंगातील कॅल्शियम खर्ची पडून तिचा जीव धोक्यात येतो. अशा मादीच्या पाठीवरून हात फिरवणे, लाडाने का होईना, टाळावे, कारण तो स्पर्श तिला जोडीदाराचा वाटतो.

अन्नाबाबत जालन्याला एक स्थानिक इशारा देणे आवश्यक आहे. बियाण्यांच्या व्यवसायासाठी नावाजलेल्या या जिल्ह्यात पेरणीनंतर उरलेली बाजरी किंवा ज्वारी घरात असते. पण पिशवीतले बियाणे बहुधा कीडनाशक आणि बुरशीनाशक लावून रंगवलेले असते आणि त्याचे थोडे दाणेही पक्ष्याच्या जिवावर बेतू शकतात. खाण्याची बाजरी, राळे, कोवळे कणीस, मेथी-शेवग्याचा पाला, किसलेले गाजर हे त्याला मानवते. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेला पक्षी लठ्ठ आणि जीवनसत्त्वांनी दरिद्री होतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर गेला की ‘हा तर उष्ण देशाचाच पक्षी’ असे म्हणून पिंजरा पत्र्याच्या पडवीत टांगला जातो. पक्ष्याला घाम येत नाही. तो चोच उघडून धापा टाकतो आणि पंख अंगापासून दूर धरतो. माळावरचा कॉकाटील दुपारी सावलीत जातो आणि पाण्यावर उतरतो. पिंजऱ्यातल्याला सावली कोणीतरी द्यावी लागते.

नीट ठेवलेला कॉकाटील १५ ते २० वर्षे जगतो, म्हणजे ज्या शाळकरी मुलाच्या हट्टाखातर तो आणला जातो ते मूल शिक्षणासाठी पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला गेल्यानंतरही तो घरात असतो, आणि त्याने थवा म्हणून निवडलेला माणूस मात्र नसतो. या कारणाने एकच कॉकाटील पाळणे योग्य नाही आणि दिवसभर कुलूप असणाऱ्या घराने तर तो पाळूच नये, असे स्पष्टपणे म्हणावे लागते. दुसरा पक्षी आणल्यावर पहिला माणसाकडे कमी येऊ लागतो, अशी तक्रार येते. ती वस्तुस्थिती आहे आणि ती आनंदाने स्वीकारावी. नवा पक्षी निदान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवून तो निरोगी असल्याची खात्री करावी, नंतर दोन्ही पिंजरे शेजारी ठेवावेत, आणि दोघे जाळीला लागून एकाच उंचीवर झोपू लागले की मगच त्यांना एकत्र करावे.