न ऐकलेली बोली

भाषाविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला एक सवय जडते. माणसे काय बोलतात यापेक्षा ती कशी बोलतात, याकडे त्याचे कान लागलेले असतात. एस.टी.च्या थांब्यावर, भाजीबाजारात, कोळीवाड्यात मी तीस वर्षे अशाच बोली टिपत आलो. माझ्याच घरातली एक बोली मात्र ऐकायची राहून गेली. ती माझ्या मुलाची होती.

तो अकरावीत असल्यापासून त्याच्या खोलीत ट्रान्स संगीत वाजत असे. बंद दारातून माझ्यापर्यंत पोहोचे ती केवळ धडधड. मिनिटाला १३८ च्या आसपास ठोके. एकदा दार उघडून मी म्हणालो, ‘‘यात शब्दच नाहीत, समजायचे तरी काय?’’ त्याने उत्तर दिले नाही. आवाज बंद केला. दुसऱ्या दिवशी त्याने हेडफोन आणला आणि घर शांत झाले. ती शांतता मला माझा विजय वाटली. पुढे तो नोकरीसाठी नेदरलँड्सला गेला. रविवारच्या फोनवर ‘जेवलास का?’ आणि ‘थंडी किती आहे?’ एवढेच उरले.

२०२० च्या फेब्रुवारीत लायडनमधील एका चर्चासत्राच्या निमित्ताने मी दोन दिवस उट्रेख्तला त्याच्याकडे राहिलो. तेथील एका विस्तीर्ण प्रदर्शन-संकुलात त्या शनिवारी रात्रभर ट्रान्स वाजणार होते. संध्याकाळी त्याचे मित्र स्वयंपाकघरात जमले : एक डच, एक पोलिश, एक तुर्की आणि एक नागपूरचा. ते इंग्रजीत बोलत होते. ती कोणाचीच मातृभाषा नव्हती. मी चहाचा कप घेऊन कोपऱ्यात बसलो.

विषय होता एका डीजेने केलेल्या दोन तासांच्या मिक्सचा. एक रचना संपण्यापूर्वीच दुसरीचा ठेका तिच्याखाली कसा सरकवला, ठेका थांबून नुसती सुरावट कोठे उरली, मग ताण हळूहळू कसा चढत गेला, याची चर्चा चालली होती. वाक्ये अर्ध्यावर सुटत होती. एकजण शब्दाऐवजी सूर गुणगुणे, दुसरा तो पूर्ण करी, आणि सगळ्यांना सगळे कळे. मला माझे वडील आठवले. भजन आटोपल्यावर ओट्यावर बसून तेही मंडळींशी असेच बोलत : अभंगाची लय कोठे चढली, पखवाजाने ती कशी उचलून धरली. ज्यांच्यात पुष्कळ काही सामाईक असते, त्यांना थोडेच बोलावे लागते. वर्गात मी हे सूत्र अनेकदा शिकवले होते.

मग वाद पेटला : मोठा तारा कोण? कोणी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात वाजवणाऱ्या टिएस्टोचे नाव घेतले, कोणी २००१ पासून आठवड्याचा रेडिओ कार्यक्रम करणाऱ्या आर्मिन व्हान ब्यूरेनचे. पोलिश मुलगा हसून म्हणाला, खरा अवाढव्य तारा तर या हिवाळ्यात मंदावला आहे. तो बीटलज्यूजबद्दल बोलत होता. मृग नक्षत्राजवळचा हा तांबूस तारा, आपला काक्षी, त्या महिन्यांत खरोखरच फिका पडला होता. सूर्याच्या जागी ठेवला तर तो मंगळाच्या कक्षेपलीकडे पसरेल. त्याचा स्फोट होईल का, यावर पैजा लागल्या. खिडकीबाहेर वारा होता, ढग होते. तारा दिसत नव्हता. तरी सगळे बाहेर पाहत होते.

मला राहवले नाही. मी म्हणालो, हे नाव मुळात एक चूक आहे. अरबीत तो ‘यद अल-जौझा’, म्हणजे जौझाचा हात. अरबी ‘य’खाली दोन टिंबे असतात, ‘ब’खाली एक. युरोपात हे नाव उतरवून घेताना एक टिंब गळाले, ‘य’चा ‘ब’ झाला, आणि त्या चुकीलाच जगाने नाव मानले. आज दिसणारा त्याचा प्रकाश सुमारे साडेपाचशे ते सातशे वर्षांपूर्वीचा. ज्ञानेश्वरांनंतर आणि एकनाथांच्या जन्माआधी केव्हातरी निघालेला.

सगळे खूश झाले. मुलगा मराठीत म्हणाला, ‘‘बाबा, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.’’

‘तू विचारलं नाहीस’ हे शब्द ओठांवर आले होते. पण ते खरे नव्हते. मी ते गिळले आणि म्हणालो, ‘‘ते मघाचं मिक्स मला ऐकव.’’

त्याने हेडफोन माझ्या कानांवर ठेवला. ते संगीत मला आवडले, असे म्हटले तर ते खोटे होईल. पण मी लक्ष देऊन ऐकत राहिलो आणि एका जागी बोट उचलून विचारले, ‘‘इथं दुसरं सुरू झालं ना?’’

तो हसला. ‘‘ते केव्हाच सुरू झालंय, बाबा. तुम्हाला आता ऐकू आलं.’’

विद्यार्थी मित्रहो, मॅलिनोव्स्की यांनी १९२३ साली दाखवून दिले की पुष्कळसे बोलणे माहिती देण्यासाठी नसतेच. ते नाते जोडण्यासाठी असते. ही व्याख्या मला पाठ होती. आपण नोकरी आणि संसार सांभाळून रात्री ही पुस्तिका उघडता, तेव्हा शेजारच्या खोलीत कोणी तुम्हाला न कळणारे काही ऐकत असेल. अर्थ विचारण्यापूर्वी थोडा वेळ त्याच्याजवळ बसा. मला ते जमायला पंधरा वर्षे लागली.