दादांचा डिमरस्टॅट

व्हॉल्व्हच्या जमान्यातली मोजणीयंत्रं चालू करायचा माझा नाद भोसरी एमआयडीसीतल्या जुन्या सहकाऱ्यांना ठाऊक आहे. तो ज्यांच्यामुळे टिकला ते पिंपरी कॅम्पातले दादा मात्र कुणाला फारसे ठाऊक नाहीत. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या कुटुंबातला हा माणूस बाजारामागच्या गाळ्यात रेडिओ दुरुस्त करायचा. मी मेंटेनन्सला. आमच्याकडे कार्ड बिघडलं की काढायचं, दुसरं बसवायचं, लाइन चालू करायची. दादांकडे प्रत्येक बिघाडाला कारण लागायचं, आणि ते सापडेपर्यंत चहासुद्धा गार व्हायचा.

पुण्याच्या जुन्या बाजारात मला कुठल्याशा प्रयोगशाळेतून भंगारात निघालेला स्केलर मिळाला. गायगर काउंटरचे ठोके मोजणारं यंत्र. त्याच्या दर्शनी पट्टीवर डेकाट्रॉन नळ्या होत्या. नळीत गोलाकार दहा घरं असतात. निऑनचा नारिंगी ठिपका दर ठोक्याला एक घर पुढे सरकतो आणि फेरी पुरी झाली की शेजारच्या नळीला हातचा देतो. अशाच 828 नळ्यांचा, 1951 साली सुरू झालेला हार्वेलचा संगणक इंग्लंडमधल्या हौशी मंडळींनी 2012 मध्ये ब्लेचली पार्कला पुन्हा चालता केला. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 मध्ये सुरू झालेल्या टिफ्रॅक संगणकात सुमारे 2700 व्हॉल्व्ह होते. तसलं धूड माझ्या चिंचवडच्या फ्लॅटमध्ये कुठून येणार! हा स्केलर म्हणजे त्या घराण्यातला दूरचा चुलतभाऊ.

घरी नेण्याआधी तो दादांना दाखवला. मी प्लग हातात घेतला तसे ते ओरडले, “अरे, मारतोस का त्याला?” वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमधला ऑक्साइडचा पापुद्रा विरलेला असतो. त्यावर एकदम पूर्ण व्होल्टेज पडलं की आतून करंट गळतो, कंडेन्सर तापतो, फुटतो आणि कधी ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. व्होल्टेज पायरी-पायरीने चढवलं तर पापुद्रा बऱ्याचदा पुन्हा धरतो. व्हॉल्व्हचीही गत अशीच: अमेरिकेतला सुमारे 18,000 व्हॉल्व्हचा एनिअॅक संगणक रात्रंदिवस चालू ठेवत, कारण व्हॉल्व्ह जास्त करून चालू-बंद करतानाच जायचे. दादांना एनिअॅक माहीत नव्हता. कारण माहीत होतं.

त्यांनी टेबलाखालचा, व्होल्टेज हळूहळू चढवता येणारा डिमरस्टॅट काढला आणि माझ्या स्कूटरवर ठेवला. दुकानात तो एकच होता. तो माझ्याकडे असेपर्यंत ते गिऱ्हाइकांचे रेडिओ सिरीज बल्बवर तपासत राहिले. परत मागितला नाही, भाडं विचारलं तर रागावले. अट एकच घातली: चालू यंत्रात मीटर लावताना डावा हात खिशात. चारशे-साडेचारशे व्होल्ट दोन्ही हातांमधून गेले, तर वाटेत छाती लागते. पुढे चाकणला नव्या लाइनवर नेमणूक झाली, तिथल्या पॅनेलसमोरही माझा डावा हात आपोआप खिशात जायचा. अंगठा शाबूत, जीव शाबूत, ही मिळकत मी दादांच्या खात्यावर मांडतो.

एका बाबतीत मात्र आमचं कधी जमलं नाही. गेलेला कंडेन्सर दादा सरळ कापून फेकत. मी जुनं नळकांडं पोकळ करून नवा कंडेन्सर आत लपवतो. यंत्र पोटातूनही त्याच्या काळातलं दिसावं ही हौस. स्केलर मोजू लागल्यावर ते मुद्दाम घरी आले, तो उलटा केला, नळकांडी पाहिली आणि म्हणाले, “म्हणजे पुढच्या मेकॅनिकला तू फसवणार.”

हौस मी सोडलेली नाही. पण तेव्हापासून प्रत्येक नळकांड्याच्या आत मूल्य, व्होल्टेज आणि बदलल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी असते.